हॉलमधली खाट

माझ्या धाकट्या भावाच्या घरात 'हॉल' म्हणायला बंदी आहे. बोर्ड लावलेला नाही, पण आहे. घर नवीन होतं तेव्हा मी एकदा सहज म्हटलं, "माझी पर्स हॉलमध्ये राहिली वाटतं." भावजय गोड हसली आणि म्हणाली, "लिव्हिंगमध्ये ना, ताई?" मी भांडुपच्या मराठी शाळेत आठवी-नववीच्या पोरांना इंग्रजी शिकवण्यात सारा जन्म घालवला. मला कोणी इंग्रजी शब्द सुधारून दिला की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मी पर्स उचलली आणि गप्प बसले, कारण आत आई होती.

आता शिकवलेलंच आहे तर सांगते. इंग्रजीत हॉल म्हणजे एक तर शेकडो माणसं बसतील असं सभागृह, नाहीतर मोठ्या बंगल्यात शिरल्या शिरल्या लागते ती मोकळी जागा. तिथे साहेब लोक टोपी आणि ओव्हरकोट काढून ठेवतात. आमच्याकडे ना शेकडो माणसं होती, ना ओव्हरकोट. तरी मुंबईतल्या मराठी माणसाने हा शब्द उचलला आणि घरातल्या बाहेरच्या खोलीला डकवून टाकला. जिथे जेवायचं, झोपायचं, अभ्यास करायचा, मुलीला बघायला आलेल्यांपुढे पोह्यांच्या बश्या ठेवायच्या, गणपती बसवायचा आणि आजारी पडलं तर पडून राहायचं, ती सगळी जागा मिळून हॉल. इंग्रजाला कळलं असतं तर बिचारा चक्रावला असता. पण शब्द आमचा झाला होता. "हॉलमध्ये बसा, चहा टाकते," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते मला पूर्ण मराठी वाटतं.

हा शब्द आमच्या घरात वडिलांनी आणला. गिरणी सुटल्यावर त्यांनी लालबागची खोली सोडली आणि कांजूरमार्गला तीन मजली बिल्डिंगमध्ये वन रूम किचन घेतलं. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि मोरी. पण त्या एका खोलीला वडील पहिल्या दिवसापासून हॉल म्हणायला लागले. गावाला गेले की पारावर बसून सांगायचे, "आमच्या हॉलात पंखो लावलो." ऐकणाऱ्यांना वाटायचं, ह्याने मुंबईत काय राजवाडा बांधला की काय. आईला हसू यायचं. ती म्हणायची, "हॉल म्हणजे काय गो, दोन चटयो घातल्यो की भरता." पण म्हणायची तीही हॉलच.

त्या हॉलमध्ये दरवाज्यासमोर, खिडकीखाली, एक लोखंडी खाट होती. घरातलं सगळ्यात मोठं माणूस त्या खाटेवर. आधी वडील, ते गेल्यावर आई. खाटेखाली तांदळाचा डबा, ट्रंक आणि गणपतीचं मखर. खाटेवरून दरवाजा दिसायचा, स्वयंपाकघर दिसायचं, बाहेरचा जिना दिसायचा. बिल्डिंगमध्ये दिवसा दार लावायची पद्धत नव्हती, नुसती जाळी ओढलेली असायची. जाळी वाजली की आई विचारायची, "कोण इला गो?" समोर दिसत असलं तरी विचारायची. मी एकदा म्हटलं, आई, दिसतंय ना तुला, कशाला विचारतेस? तर म्हणाली, "इचारलां काय येणाऱ्याक बरा वाटता."

आणि एक नियम होता, जो कोणी सांगितला नव्हता पण सगळ्यांना ठाऊक होता. आलेला माणूस खाटेच्या पायथ्याशी बसायचा. खुर्च्या होत्या दोन, पण त्या परक्यांसाठी. मीटर बघायला येणारा खुर्चीवर. विमा विकणारा खुर्चीवर. माझा नवरा लग्नाआधी खुर्चीवर बसला होता आणि लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा आईने पाय आखडून घेतले आणि पायथ्याशी हात आपटला, की इथे बस. तळमजल्यावरचे काका, वडिलांबरोबर एकाच खात्यात काम केलेले, रोज संध्याकाळी पेपर द्यायला यायचे आणि त्या पायथ्याशी बसून बिल्डिंगची, गावाची, सगळ्यांची उणीदुणी काढायचे. आईच्या आयुष्यातला बराचसा आनंद त्या हातभर जागेवर बसून गेला.

मग बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सगळे इकडे तिकडे भाड्याने राहिले, आणि शेवटी टॉवर उभा राहिला. आम्हाला चौदाव्या मजल्यावर टू बीएचके मिळालं. जाहिरातीत 'खाडीचं विहंगम दृश्य' असं लिहिलं होतं. शेजारच्या डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास जाहिरातीत येत नाही, घरात येतो, त्यामुळे विहंगम दृश्याच्या सगळ्या काचा बारा महिने बंद.

भाऊ अंधेरीला एका कंपनीत आहे. काय करतो ते मला आजवर नीट समजलेलं नाही. मीटिंगा करतो. तिथेच कुठेतरी तो लिव्हिंग म्हणायला शिकला. टू बीएचके म्हणताना त्यातला एच कशाचा, हे त्याला विचारायचं माझ्या फार मनात होतं. पण घर सजवायला त्यांनी जो इंटिरियरवाला आणला, तो बघितल्यावर माझी भाषेवर बोलायची इच्छाच मेली. टोकदार बूट घालून तो रिकाम्या घरात फिरत होता आणि दर वाक्यात 'स्पेस' म्हणत होता. स्पेस ओपन हवी, स्पेसला श्वास हवा. मला म्हणाला, "मॅडम, एंट्री केली की पहिली नजर फोकल पॉइंटवर जायला हवी." फोकल पॉइंट म्हणजे दगडासारखी दिसणारी प्लॅस्टिकची भिंत होती. आमच्या घरात शिरल्यावर पहिली नजर आजवर आईवर जायची. हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि टेपने भिंत मोजायला लागला. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी शाळेच्या इन्स्पेक्शनला खूप पाहिली, पण हा त्यांचा बाप होता.

आईची खाट तेवढी नव्या घरात आणून खिडकीखाली, दरवाज्यासमोर ठेवली होती. "काकूंची खाट फ्लो तोडते," असं त्याने सांगितलं आणि खाट भंगारवाल्याकडे गेली. आई तेव्हा माझ्याकडे मुलुंडला होती. तिला कोणी विचारलं नाही. खाटेच्या जागी इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा सोफा बनवला. जागेवरच बनवला, मापात, भिंतीला फिक्स. हलणार नाही, असं इंटिरियरवाल्याने दोनदा सांगितलं, जणू ते कौतुकाचं आहे.

आणि आईला खोली मिळाली. स्वतःची, पॅसेजच्या टोकाला, एसी, टीव्ही, बाथरूममध्ये धरायला दांड्या, उशाशी बेल. दाबली की स्वयंपाकघरात वाजणार.

इथे मला भावाबद्दल खरं ते सांगायला हवं, नाहीतर माझ्या तोंडाला फक्त कारलं लागलंय असं होईल. तो आठवीत असताना वडील रात्रभर खोकायचे, पाहुणे यायचे, आणि ह्याचा अभ्यास त्याच हॉलमध्ये एका कोपऱ्यात. तेव्हा तो आईला म्हणायचा, "आई, मी मोठा झालो ना, की तुला स्वतःची खोली देणार. कोणी येणार नाही तुझ्या खोलीत." आई हे सगळ्यांना कौतुकाने सांगायची. माझो झील माका खोली देतलो. तर त्याने दिली. पोराने बोललेलं पाळलं. फक्त मधल्या इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही की आई, तुला अजून हवी आहे का.

नातेवाईक आले, घर बघून गेले. "नशीब काढलंस हो," असं एकेक जण आईला म्हणाला. म्हातारीला स्वतंत्र खोली, ती पण अटॅच्ड. आई म्हणाली, "बरी आसा खोली." मी तिचा चेहरा ओळखते. मासेवाली शिळं पापलेट ताजं म्हणून देत असली की ती असंच म्हणायची, बरा आसा, आणि पुढच्या पाटीकडे जायची. इथे पुढची पाटी नव्हती.

मी शनिवारी जायची. दाराला कॅमेऱ्याची बेल, ती वाजते भाऊ-भावजयीच्या मोबाइलवर. आईला ती ऐकू येत नाही, कारण एसीसाठी तिचं दार बंद. तरी तिला कसा कोण जाणे सुगावा लागायचा आणि आतून आवाज यायचा, "कोण इला गो?" कोणी उत्तर द्यायचं नाही. भावजय वाईट नाही, पण ती एकदा कंटाळून म्हणाली, "दिवसभर कोण आलं, कोण आलं. कुरिअरवाला आला तरी सांगायचं का आता?" मी म्हटलं, "हो. सांगायचं." तिने फ्रिज उघडला आणि आत काहीतरी शोधायला लागली.

मग तो दिवस, जो मी विसरणार नाही. मी आईच्या खोलीत बसून तिचे केस विंचरत होते. बाहेर कोणीतरी आलं. बोलण्याचा आवाज, कपबशीचा आवाज. आईने मान तिरकी केली, फणी तशीच केसांत अडकलेली, आणि ऐकत राहिली. थोड्या वेळाने दार लागल्याचा आवाज आला. मी बाहेर जाऊन विचारलं. तळमजल्यावरचे काका आले होते. आता ते सहाव्या मजल्यावर राहतात, पण आम्ही अजून तळमजल्यावरचेच म्हणतो. सोफ्याच्या कडेला टेकून चहा प्यायले, "वहिनी बऱ्या आहेत ना?" विचारलं. भावजय म्हणाली, "आत आराम करतायत." आणि ते उठून गेले.

आता बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, पण आमच्या माणसांना कळेल. आमच्यातला माणूस दुसऱ्याच्या बेडरूममध्ये जात नाही. बायका पण दारात थबकतात, आणि पुरुषमाणूस तर मेला तरी जायचा नाही. हॉलमध्ये खाटेवर झोपलेल्या बाईच्या पायथ्याशी तो तासभर बसेल, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण तीच बाई चार भिंतींच्या आत गेली, तिला दार आलं, की संपलं. तिच्याकडे जायचा रस्ता बंद. चांगली खोली देऊन आम्ही आईला सगळ्यांपासून तोडलं होतं, आणि वर लोक तिला नशीबवान म्हणत होते.

मी परत आत गेले. आई म्हणाली, "खालचे इल्ले ना गो? माज्याकडे येवंक नाय ते." मी म्हटलं, घाईत होते. खोटं बोलल्याचं तिला लगेच कळलं. तिने हात मागे नेऊन केसांतली फणी काढली आणि माझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी मी भावाला धरलं.

"आईला हॉलमध्ये एक खाट दे," मी म्हटलं.

"ताई, लिव्हिंगमध्ये खाट?"

"हॉलमध्ये. दरवाज्यासमोर. तिची जागा आहे ती."

"अगं, लोक काय म्हणतील? एवढं घर असून आईला बाहेर टाकलंय म्हणतील. तिच्यासाठी तर रूम केली ना मी?"

"लोकांना घाल खड्ड्यात. तिला विचार ना."

"विचारलं. बरी आहे म्हणाली."

"ती तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणते रे, गाढवा."

तो सोफ्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि ठेवू कुठे? हा हलत नाही. फिक्स आहे."

पन्नाशीतला माणूस, मीटिंगा करणारा, एक सोफा हलत नाही म्हणून माझ्यासमोर हात टेकून उभा होता. मला त्याची इतकी किळस आली की मी चहा न घेता निघाले. निघताना आईच्या खोलीत डोकावले. तिने सगळं ऐकलं असणार, कारण म्हणाली, "रवांदे गो. त्याका वायट वाटात." मग हळूच म्हणाली, "खाट नसली तर लोकां खंय बसतली?" हे तिने मला विचारलं की स्वतःला, समजलं नाही.

पण आई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. भाऊ-भावजय कामाला गेले की ती वॉकर सरकवत पॅसेजमधून यायची आणि दाराजवळ बूट घालायचं जे बुटकं स्टूल होतं, त्यावर बसायची. काम करणाऱ्या बाईकडून दार थोडं उघडं ठेवून घ्यायची. लिफ्टमधून कोणी उतरलं की, "कोण इला?" समोरच्या फ्लॅटमधली गुजराती सून तिच्याशी थांबून बोलायला लागली होती. डिलिव्हरीवाल्यांची गावं आईला पाठ झाली होती. मला फोनवर सांगायची, आज बिहारचो इल्लो, त्याचो बापूस आजारी आसा. आवाजात पुन्हा जीव आला होता. हे मजेत चाललं असतं, पण दारावरच्या त्या शहाण्या कॅमेऱ्याने भावाच्या मोबाइलवर आई दाखवली. दार उघडं, म्हातारी स्टुलावर. तो घाबरला. पडली तर? कोणी घुसलं तर? घरी आल्यावर आईला न विचारता त्याने ते स्टूल उचलून माळ्यावर टाकलं आणि बाईला ताकीद दिली. प्रेमाने केलं. आमच्या घरात सगळा सत्यानाश प्रेमानेच होतो.

त्यानंतर आई "कोण इला" विचारायची थांबली. भावजय मला म्हणाली, "आई आता छान सेटल झाल्यात." मी फोन ठेवून दिला.

आई दुपारी गेली. जेवून पडली होती, एसीसाठी दार लावलेलं होतं, बाई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. चार वाजता चहा घेऊन गेली तर आई उठली नाही. उशाशी बेल होती. ती बेल तिने घर झाल्यापासून एकदाही दाबली नव्हती.

मी मुलुंडहून रिक्षाने पोचले तेव्हा डॉक्टर कागद लिहून गेले होते. भाऊ पॅसेजमध्ये उभा होता, ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात ते ओळखपत्र तसंच. बिल्डिंगमधली माणसं दाराशी जमली होती. आता लोक येणार, नातेवाईक येणार, आणि पॅसेजच्या टोकाच्या त्या एवढ्याशा खोलीत चार माणसं उभी राहिली असती तर पाचव्याला जागा नव्हती. कोणीतरी विचारलं, काय करायचं? भाऊ म्हणाला, "आईला हॉलमध्ये घ्या."

मी ऐकलं.

वॉचमन, समोरचा गुजराती, आणि बिल्डिंगमधले दोघं पुढे झाले. भिंतीला फिक्स असलेला तो सोफा त्यांनी धरला, जरा हिसका दिला, आणि उचलला. चार-दोन स्क्रू होते, निघाले. दोन तुकडे झाले, आतून नुसतं प्लायवूड, अंगाला वजन काही नव्हतं. बडा घर पोकळ वासा. वॉचमनने विचारलं, "कहाँ रखें?" दुसरी जागा नव्हती, म्हणून ते सोफ्याचे तुकडे आणि काचेचं टेबल आईच्या खोलीत नेऊन ठेवले. आईला बाहेर आणून चादरीवर झोपवलं, खिडकीखाली, दरवाज्यासमोर. खाट होती तिथेच. दार सताड उघडं ठेवलं. मी सगळ्या काचा उघडल्या. डम्पिंगचा वास आला तर आला.

मी आईच्या पायाशी जाऊन बसले. भाऊ दुसऱ्या बाजूला बसला. त्याच्याशी बोलायची मला इच्छा नव्हती, आणि तो रडत होता तरी त्याला हात लावावा असं वाटलं नाही. ते मी इथे लपवत नाही.

मग लोक यायला लागले. चपला बाहेर काढायचे आणि सरळ आईकडे यायचे. आत आहेत का, झोपल्यात का, असं कोणालाच विचारावं लागलं नाही. समोरची सून आली, पदर डोक्यावर घेऊन टेकली. मी पुढे सरकून आईच्या कानाशी म्हटलं, "आई, समोरची इली." मुलुंडची मावशी आली. "आई, मावशी इली." भावजयीने माझ्याकडे पाहिलं, तिला वाटलं असेल मी भ्रमिष्ट झाले. वाटू दे.

तळमजल्यावरचे काका शेवटी आले, काठी टेकत. कोणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली आणि कसेबसे वाकत खाली बसले, आईच्या पायथ्याशी, माझ्या शेजारी. मी सांगायला वाकू लागले.

माझ्याआधी भाऊ पुढे सरकला. किती वर्षांत त्याच्या तोंडून मी मालवणी ऐकली नव्हती. आईच्या कानाशी तोंड नेऊन तो म्हणाला, "आई, खालचे काका इले. तुज्याकडे इले."